काटा, घड्याळ आणि शेवटचे वीस मीटर

बुलढाणा जिल्ह्यात हॉर्सपॉवर हा शब्द गाडीच्या आधी विहिरीवर आला. ‘तीनची बसवली की पाचची?’ एवढं विचारलं तरी बोलणं मोटरीचं आहे आणि आकडा हॉर्सपॉवरचा आहे, हे समोरच्याला कळतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना आणली, तेव्हापासून तर मोटरीच्या पाटीवरचा हा आकडा घरच्या जमाखर्चाचाच भाग झाला. ट्रॅक्टरचंही तेच. कंपनीच्या नावाइतकीच त्याची ओळख पस्तीसचा, पंचेचाळीसचा, पन्नासचा अशी असते. या मातीत हॉर्सपॉवरचा अर्थ पाणी किती येईल आणि नांगर किती खोल जाईल असा आहे.

त्याच आकड्याचा वेगाशी काय संबंध, हे मात्र आपल्याकडे क्वचितच कुणी नीट विचारतं. शंभर हॉर्सपॉवरची गाडी जागेवरून सुटली आणि सरळ पट्ट्यावर ४०२ मीटर पळाली, तर शेवटी तिचा वेग किती असेल? दोनशे हॉर्सपॉवर असते तर तो दुप्पट झाला असता का? आणि शेवटचा वेग हाती असेल, तर त्यावरून इंजिनाची खरी ताकद ओळखता येईल का? पुढच्या पानांचा विषय एवढाच आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या, शेगाव-चिखलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बसणाऱ्या आणि खामगाव-मलकापूरच्या गॅरेजात हात काळे करणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. या पानांना लागणारं गणित शाळेतलंच आहे. त्यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे घनमूळ, आणि ते मोबाइलवर निघतं.

आधी आकड्याची ओळख नीट करून घेऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट वाफेची इंजिनं विकत होता, तेव्हा त्याचे गिऱ्हाईक होते खाणमालक आणि कारखानदार. त्यांच्याकडे पाणी उपसायला, चाक फिरवायला घोडे होते. एक इंजिन किती घोड्यांची जागा घेईल, हे सांगितल्याशिवाय विक्री होणार नव्हती. वॉटने एका घोड्याच्या कामाचा दर ठरवला: मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आपल्या मापात सांगायचं तर ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं आणि तसंच उचलत राहायचं. वॅटमध्ये तो आकडा ७४६ होतो. हे विहिरीवर नेऊन पाहा. पाणी पंधरा मीटर खोल असेल आणि काहीच वाया जात नसेल, तर एक हॉर्सपॉवर सेकंदाला पाच लिटर पाणी वर आणते. पाचच्या मोटरीने पंचवीस लिटर यायला हवेत. तेवढे कधीच येत नाहीत, कारण पंपात, पाइपात, वळणांत आणि फूटव्हॉल्व्हमध्ये बरीच ताकद खर्ची पडते. ती कुठे जाते, हा प्रश्न जवळ ठेवा. गाडीपाशी पोचल्यावर तोच पुन्हा विचारायचा आहे.

बैलांचा हिशेबही करून ठेवू. देशातली शेतीला उपलब्ध असलेली ताकद मोजताना अभ्यासक ओढकामाच्या एका जनावराचे ०.३८ किलोवॅट धरतात. म्हणजे एक बैलजोडी ही जवळजवळ बरोबर एक हॉर्सपॉवर. मोटेवर, वखरावर, गाडीला दिवसभर टिकून राहणारा हा दर आहे. काही क्षणांपुरतं जनावर याच्या कितीतरी पट ताकद लावू शकतं. स्टीव्हनसन आणि वासरसग या दोन संशोधकांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की क्षणभरासाठी एकटा घोडा जवळपास १५ हॉर्सपॉवर देतो. एक घोडा म्हणजे एक हॉर्सपॉवर, हे दिवसभराच्या मजुरीचं समीकरण आहे. धावण्याचं नव्हे.

धावण्याचं समीकरण पाहायचं तर विदर्भातल्या माणसाला दूर जायला नको. शंकरपट आहेच. हलका छकडा, निवडून जुळवलेली जोडी, वर धुरकरी, समोर सरळ मोकळा पट्टा आणि हातात घड्याळ. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट जुना आणि नावाजलेला. वऱ्हाडात पटाची जोडी सांभाळणं ही घराची प्रतिष्ठा असते, आणि त्या जोडीचा खुराक पाहिला की माणसं जनावरावर किती जीव लावतात ते कळतं. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जनावराला चाबूक, काठी, टोचणी लावून पळवायचं नाही ही त्यातली अट मला योग्यच वाटते. मारून काढलेला सेकंद हा जोडीचा नसतो.

पटात निकाल लागतो तो सेकंदाच्या अंशांवर, आणि तो एकाच आकड्यावर लागतो: सुटल्यापासून पोचेपर्यंत लागलेला वेळ. आता एक कल्पना करा. पट्टा संपण्याच्या वीस मीटर आधी दुसरी रेघ मारली, आणि त्या शेवटच्या वीस मीटरांना किती वेळ लागला तो वेगळा मोजला. मग प्रत्येक जोडीचे दोन आकडे मिळतील. एक सांगेल की जोडी एकूण किती वेळात पोचली. दुसरा सांगेल की पोचताना ती किती वेगात होती. पहिल्या आकड्यात सगळंच मिसळलेलं असतं: सुटताना एक बैल मागे राहिला, धुरकऱ्याने कासरा ओढला, जमीन ओली होती, सगळं. दुसऱ्या आकड्यात ती गडबड फारच थोडी उरते.

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे नेमकी हीच व्यवस्था, फक्त गाड्यांसाठी आणि प्रकाशकिरणांच्या घड्याळांसह. पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर सरळ पट्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली मुलं जुन्या गाड्यांत मोठी इंजिनं बसवून ओसाड धावपट्ट्यांवर त्या पळवू लागली. रस्त्यावरचे अपघात थांबावेत आणि खेळाला शिस्त यावी म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. चाकाने सुरुवातीचा किरण सोडला की घड्याळ चालू होतं, शेवटचा किरण तुटला की थांबतं. हा एकूण वेळ. शेवटच्या किरणाच्या ६६ फूट आधी आणखी एक किरण असतो. या दोन किरणांमधलं अंतर वीस मीटरच्या आसपास, आणि ते पार करतानाचा वेग म्हणजे ट्रॅप स्पीड. ताशी १६० किलोमीटरने जाणारी गाडी हे अंतर ०.४५ सेकंदात ओलांडते. हातातल्या स्टॉपवॉचने हे मोजता येणार नाही हे उघड आहे, कारण बोट दाबण्यातच सेकंदाचा पाचवा भाग इकडेतिकडे होतो.

आपल्या राज्यात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत, आणि चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यती होतात. बुलढाण्यातून दोन्ही ठिकाणं लांब आहेत. पण विषय समजून घ्यायला ट्रॅक जवळ असावा लागत नाही.

आता मुद्द्याचा गाभा. इंजिन प्रत्येक सेकंदाला ठरावीक ऊर्जा देतं. ती ऊर्जा गाडीच्या गतीत साठत जाते, आणि गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेगाचा वर्ग काय करू शकतो हे पाहायचं तर आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. कठीण बेसॉल्टच्या खडकात १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, ते येणारा दगड सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आला म्हणून. तोच दगड टेकडीवरून घरंगळत आला असता तर शेताचा बांध मोडला असता, फार तर.

तर ताकद सारखी राहिली की चौपट वेळात चौपट ऊर्जा साठते. पण चौपट ऊर्जा म्हणजे दुप्पटच वेग. या चौपट वेळात गाडीने अंतर किती कापलं? वेळ चौपट आणि सरासरी वेग दुप्पट, म्हणून अंतर आठपट. इथे थोडं थांबा आणि हे कागदावर मांडून पाहा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. वेग दुप्पट करायला आठपट अंतर लागतं. दोनाचा घन आठ. शेवटचा वेग हा अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. हिशेबात अंतर आणि ताकद एकमेकांना गुणून येतात, म्हणून जे अंतराला लागू तेच ताकदीलाही. त्याच पाव मैलावर वेग दुप्पट हवा असेल तर हॉर्सपॉवर आठपट करावी लागेल. वजन भागाकारात येतं. एवढ्यात सगळा नियम आला: शेवटचा वेग हा हॉर्सपॉवर भागिले वजन, याच्या घनमुळाच्या प्रमाणात.

नियम कागदावर निघाला त्याच्या आधी तो ट्रॅकवर सापडला होता, ही मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट आहे. रॉजर हंटिंग्टन हे अमेरिकेतले मोटारींवर लिहिणारे लेखक. त्यांनी कितीतरी गाड्यांचे आकडे मांडून पाहिले आणि घनमुळाचा हा संबंध ओळखला. मैल आणि पौंडाच्या मापात त्यांचा गुणक होता २२५. पुढे पॅट्रिक हेल यांनी तो २३४ केला, आणि आजही तोच जास्त वापरतात. १९७३ मध्ये भौतिकशास्त्राचे अध्यापक जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये लेख लिहून असा संबंध का असावा याची मांडणी केली. गॅरेजातून आलेली गोष्ट विद्यापीठात गेली, आणि तिथे ती टिकली.

आपल्या मापात हेलचा गुणक २८९ येतो. गाडीचं वजन चालकासह किलोमध्ये घ्या, हॉर्सपॉवरला त्याने भागा, घनमूळ काढा आणि २८९ ने गुणा. ताशी किलोमीटर मिळतील. हजार किलोची शंभर हॉर्सपॉवरची गाडी घेतली तर १३४ येतात. त्याच गाडीत दोनशे हॉर्सपॉवर घातले तर १६९. ताकद दुप्पट, वेग सव्वापट. दहा टक्के ताकद वाढवली तर वेग तीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १३४ चे १३८. पैसे मोजून हॉर्सपॉवर विकत घेणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

आणि उलटा हिशेब तर याहून मोलाचा. वेगाला २८९ ने भागा, त्याचा घन करा, वजनाने गुणा. बाराशे किलोची गाडी शेवटच्या वीस मीटरांत १३० ने गेली, तर इंजिन १०९ हॉर्सपॉवरच्या आसपास देतं आहे. समजा एखाद्या गॅरेजवाल्याने संगणकाचा प्रोग्राम बदलून तीस हॉर्सपॉवर वाढवल्याचं सांगितलं. तसं असेल तर तीच गाडी १४१ च्या जवळ जायला हवी. ती १३३ ने गेली, तर वाढ आठ हॉर्सपॉवरची आहे. यात कुणाशी भांडावं लागत नाही. गाडी स्वतःच सांगते.

एकूण वेळावरून हा हिशेब का करू नये, असं कुणी विचारेल. वर पटाच्या बाबतीत सांगितलं तेच कारण. वेग अंतराच्या घनमुळाने वाढत असेल तर शेवटच्या वेगाचा अर्धा भाग पहिल्या आठव्या हिश्शात, म्हणजे पहिल्या पन्नास मीटरांतच येतो. चाक घसरणं, क्लच चुकणं, पहिला गिअर लांबणं, सगळं याच पन्नास मीटरांत घडतं. तिथे वीस मीटर वाया गेले असं समजलं तरी शेवटच्या वेगात दोनेक किलोमीटरचाच फरक पडतो, पण एकूण वेळात अर्धा सेकंद सहज जातो, आणि सोळा सेकंदांच्या धावेत अर्धा सेकंद फार मोठा असतो. एकूण वेळ चालकाची, टायरची आणि इंजिनाची एकत्र परीक्षा घेतो. शेवटचा वेग मुख्यतः इंजिनाची आणि वजनाची घेतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायला शिकावं. वेग चांगला आणि वेळ वाईट असेल तर इंजिनाला हात लावू नका. दोष सुरुवातीत आहे.

आता तो राखून ठेवलेला प्रश्न. काहीही वाया गेलं नसतं, सगळी ताकद पहिल्या क्षणापासून गतीतच गेली असती, तर गुणक २८९ ऐवजी ३४८ च्या जवळ आला असता. घन करून तुलना केली तर दिसतं की कागदावरच्या हॉर्सपॉवरपैकी जेमतेम ५८ टक्केच कामी आली. बाकीची कुठे गेली? थोडी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलात. थोडी फिरणाऱ्या चाकांना आणि फ्लायव्हीलला गती देण्यात. बरीच हवेला बाजूला सारण्यात. प्रत्येक गिअर बदलताना इंजिन क्षणभर मोकळं होतं, तेव्हा काहीच मिळत नाही. आणि इंजिन आपली पूर्ण ताकद ठरावीक फेऱ्यांवरच देतं, त्याच्या खाली-वर कमी. शेवटचं कारण सुरुवातीचं आहे: चाक जमिनीला जेवढं धरेल तेवढंच ढकलता येतं.

हे शेवटचं कारण आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला पायाखालून माहीत आहे. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. पन्नासचा ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरने चालला, तर हिशेबाने त्याची ओढ २,७०० किलोच्या वजनाइतकी यायला हवी. पण ट्रॅक्टरचं स्वतःचंच वजन दोन-सव्वादोन टन. काळ्या जमिनीत चाक एवढी ओढ धरूच शकत नाही, ते जागेवर फिरतं. म्हणून मागच्या चाकांत पाणी भरतात, लोखंडी वजनं लावतात. ड्रॅगची ताकदवान गाडी सुटताना याच अडचणीत असते. तिचे रुंद, मऊ टायर आणि सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं, हे सगळं त्या पकडीसाठी. फरक एवढाच की ट्रॅक्टरवाल्याला वजन वाढवून पकड घेता येते. ड्रॅगवाल्याला वजन वाढवणं परवडत नाही, कारण तेच वजन त्याला पुढे चारशे मीटर ओढायचं असतं.

वजनाबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. आपल्याकडच्या गाडीच्या गप्पांत हॉर्सपॉवर तोंडपाठ असते आणि वजन कुणालाच माहीत नसतं. नियम मात्र दोघांना सारखंच मानतो. हजार किलोच्या शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीतून शंभर किलो काढले तर तिचा शेवटचा वेग १११ हॉर्सपॉवर असल्यासारखा येतो. मागचं आसन, डिकीतली हत्यारांची पेटी, भरलेली टाकी, स्टेपनी, यांचे किलो मोजून पाहिले तर शंभर किलो फार दूर नसतात. आणि वजन मोजण्याची सोय आपल्याकडे पावलोपावली आहे. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या ज्या धर्मकाट्यावर चढतात त्याच काट्यावर चालकाला आत बसवून आपली गाडी चढवा आणि पावती घ्या. बाराशे किलोत दहा किलोची चूक राहिली तरी हिशेबात एक टक्काही फरक पडत नाही. वेग मोजण्यात मात्र ताशी एक किलोमीटर चुकला, तर घनामुळे अडीच हॉर्सपॉवरचा फरक पडतो. काट्यावर एकदा जा, पण वेग पुन्हा पुन्हा मोजा.

ताकद सगळ्यांना सारखी देऊन उरलेल्याचीच परीक्षा घ्यायची ठरवली तर काय होतं, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेत दिसतं. इंदूरजवळ पिथमपूरला ही स्पर्धा भरत आली आहे. प्रत्येक संघाला दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं एकच ठरलेलं इंजिन, आणि गाडी स्वतः बांधायची. त्यात वेग घेण्याची वेगळी चाचणी असते. इंजिन तेच असूनही संघांचे आकडे एकमेकांपासून दूर जातात, कारण कुणाची चौकट वीस किलोने हलकी असते, कुणी गिअरचं प्रमाण नीट बसवलेलं असतं. हॉर्सपॉवर सोडून बाकी सगळं किती मोजावं लागतं, हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हवेचा मुद्दा आपल्या जिल्ह्यासाठी खास आहे. घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके ही आपली रोजची विभागणी. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच. शेगाव, मलकापूर, नांदुरा पूर्णेच्या खोऱ्यात, त्याहून साडेतीनशे-चारशे मीटर खाली. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद ते किती हवा आत घेतं यावर ठरते. उंचीवर हवा विरळ, उन्हातही विरळ. मे महिन्यात घाटाखाली पारा ४२ वर असेल, तर तिथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा अकरा-बारा टक्क्यांनी विरळ असते. घाट चढून बुलढाण्यात आलात आणि तिथे ३६ अंश असतील तर गारव्याने इंजिनाला फायदा व्हावा असं वाटतं. पण चढाईत गेलेला दाब गारव्याने भरून निघत नाही. हवा आणखी दोन-अडीच टक्के विरळच भरते. घनमुळामुळे शेवटच्या वेगात याचा फरक एक टक्क्याहूनही कमी पडेल, आणि विरळ हवा गाडीला अडवतेही कमी. तरीही जानेवारीच्या पहाटे मोजलेला वेग आणि मेच्या दुपारी मोजलेला वेग शेजारी लिहून निष्कर्ष काढू नये. तारीख, वेळ, तापमान, ठिकाण नोंदवावं.

नियम कुठे मोडतो हेही सांगायला हवं. शंभर सीसीची आठ हॉर्सपॉवरची मोटरसायकल आणि चालक मिळून १८० किलो धरले, तर सूत्र १०२ सांगतं. ती गाडी तेवढी जात नाही. ऐंशीच्या पुढे गेल्यावर तिची जवळजवळ सगळी ताकद हवेशी झुंजण्यातच संपते, आणि पाव मैल संपायच्या आधीच वेग वाढायचा थांबतो. दुसऱ्या टोकाला टॉप फ्युएल नावाच्या राक्षसी गाड्या आहेत. वजन टनभर, ताकद अकरा हजार हॉर्सपॉवरच्या घरात. २००८ मध्ये स्कॉट कलिटा यांचा ट्रॅकवर मृत्यू झाल्यावर त्यांचं अंतर १,००० फुटांवर आणलं, आणि तेवढ्यातही त्या ताशी ५३० किलोमीटरच्या वर जातात. सूत्र याहून जास्त सांगतं, कारण एवढी ताकद कुठलाही टायर जमिनीत पोचवू शकत नाही. विजेच्या गाड्यांचं गणित पुन्हा निराळं. त्यांना सहसा गिअर बदलावे लागत नाहीत आणि सुरुवातही जोरदार असते, पण बॅटरीचं वजन भागाकारात येऊन बसतं. आणि बैल? जोडी, छकडा आणि धुरकरी मिळून नऊशे किलो, तीन सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरचा वेग, एवढं धरलं तर त्या तीन सेकंदांत जोडीने वीस हॉर्सपॉवर दिलेली असते. पण पुढे वेग वाढत नाही. तिथे मर्यादा ताकदीची नसते, पाय किती झटपट उचलले जातात याची असते. म्हणून पटाच्या जोडीला हे सूत्र लावू नका.

एक घन आणखी आहे, आणि तो रोजच्या प्रवासातला आहे. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. कारना तिथे १२० ची मर्यादा आहे. शंभरवरून एकशेवीसवर गेलात की हवेविरुद्ध लागणारी ताकद वीस टक्क्यांनी वाढत नाही, त्र्याहत्तर टक्क्यांनी वाढते. गाडीत साठलेली ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते, आणि ब्रेकला ती सगळी काढून टाकायची असते. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बसच्या अपघातात पंचवीस माणसं गेली. त्याची कारणं शोधण्याची ही जागा नाही. पण या जिल्ह्यात बसून वेगावर लिहिणाऱ्याने ती रात्र बाजूला ठेवून लिहू नये, असं मला वाटतं. हा रस्ता ड्रॅग स्ट्रिप नाही. या पानांतल्या सूत्रांची परीक्षा बंद पट्ट्यावर, परवानगीने, हेल्मेट-पट्ट्यासह आणि शेवटी थांबायला पुरेशी जागा ठेवूनच घ्यावी. ड्रॅगच्या पट्ट्यावर पाव मैल पळण्यासाठी असतो आणि त्याहून लांब जागा थांबण्यासाठी ठेवतात.

पुढे पहिल्या दोन प्रकरणांत घनमुळाचा हिशेब पायरीपायरीने दिला आहे, आणि ज्यांना कलनशास्त्र येतं त्यांच्यासाठी तोच हिशेब तीन ओळींत पुन्हा मांडला आहे. तिसऱ्या प्रकरणात पंप आहे. पंपाच्या फेऱ्या निम्म्या केल्या की त्याला लागणारी ताकद आठव्या हिश्शावर येते, तोही घनच, आणि तो विहिरीवर जाऊन पडताळता येतो. ज्यांना गाडी पळवण्यात रस नाही त्यांनी थेट तिथून सुरुवात केली तरी चालेल. चौथ्यापासून गाड्यांची कोष्टकं आहेत: डाव्या बाजूला काट्यावरचं वजन, वर शेवटचा वेग, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे हॉर्सपॉवर. कोष्टक वापरताना वजनात चालक धरायला विसरू नका, आणि वेग किमान तीन धावांचा घ्या, त्यातली एक तरी उलट दिशेची असावी, म्हणजे वाऱ्याचा हिशेब लागतो. कंपनीने छापलेली हॉर्सपॉवर शेजारच्या रकान्यात लिहा. दोन आकड्यांत पाच टक्क्यांपर्यंतचा फरक या सूत्रात चालतो. त्याहून मोठा फरक दिसला तर आधी टायरची हवा आणि एअर फिल्टर पाहा, मग इंजिन.